बावीस जानेवारीच्या दुपारची साक्ष

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
नागरिकत्व पडताळणी कक्ष, नदीकाठ विभाग,
लास पितायास, टेक्सस.

विषय : माझ्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या एकमेव हयात साक्षीदाराचा जबाब, तिचे राष्ट्रीयत्व न विचारता, घरी येऊन नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. ११ फेब्रुवारी २०१९ चे पत्र. उत्तराची मुदत गुरुवार, दि. १४ मार्च, सायंकाळी चारपर्यंत.

महोदय,

१. मी, खाली सही करणार फिदेला ओन्तिवेरोस, वय एकसष्ट, येथील प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालेली बाई, आपणांस सविनय कळवते की, दि. ९ जानेवारी रोजी नदीपलीकडे मेक्सिकोत दात काढून घेऊन मी पुलावरून परत येत असताना माझे पारपत्र काढून घेण्यात आले. माझ्या गालात कापसाचा बोळा होता. खिडकीतल्या साहेबांनी पारपत्र उघडले, पण पाहिले माझ्या तोंडाकडे, आणि विचारले, "काय आहेस तू?" मी म्हणाले, "मेक्सिकन." जन्मभर हेच सांगत आले आहे. आमच्या गल्लीत सगळेच हे सांगतात. समोरच्या घरातले लोक तर या काठावर सात पिढ्या आहेत, त्यांच्या पणज्यांची थडगी इथल्या चिंचोळ्या दफनभूमीत आहेत, तेही हेच सांगतात. साहेब म्हणाले, "म्हणजे कबूल केलंस." मी म्हणाले, "काय कबूल केलं?" त्यावर त्यांनी मला बाकावर बसवले. चार तास बसले. कापूस बदलायला नव्हता.

२. आपल्या पत्रात माझ्याविरुद्ध तीन मुद्दे आहेत. एक, माझ्या निरनिराळ्या कागदांवर वंश निरनिराळा लिहिला आहे. दोन, माझ्या जन्माची नोंद नदीच्या दोन्ही काठांवर आहे. तीन, माझा जन्म ज्या सुईणीच्या हातून झाला तिने काही खोट्या जन्मनोंदी केल्याचे स्वतः कबूल केले होते. तेव्हा जन्मसमयी प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार ओळखपत्रासह आपल्या कक्षात उभा करावा, अन्यथा मला परकी नागरिक समजून पुढील कारवाई होईल, असे आपण लिहिले आहे. 'पुढील कारवाई' म्हणजे काय, ते लिहिलेले नाही. लिहिले असते तर कदाचित कमी भीती वाटली असती.

३. वंशाबाबत. माझ्या जन्मदाखल्यावर आईबापांचा वंश 'गोरा' लिहिला आहे. शाळेच्या दाखल्यावर माझा वंश 'मेक्सिकन' आहे. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी इस्पितळातल्या बाईंनी 'हिस्पॅनिक' लिहिले, आणि गेल्या जनगणनेला आलेल्या मुलीने बराच वेळ पेन चावून 'इतर' या चौकोनात खूण केली. यांतले एकही मी लिहिलेले नाही. मला कोणी विचारलेही नाही. प्रत्येकाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि लिहून टाकले.

शाळेतला प्रसंग मला आठवतो, कारण मी आईचा हात धरून उभी होते. माझा भाऊ अबुंदियो आईवर गेलेला, घाऱ्या डोळ्यांचा. त्याच्या नावापुढे कारकूनबाईंनी 'गोरा' लिहिले आणि माझ्याकडे वळून थांबल्या. आईला म्हणाल्या, "ही पण तुमचीच?"

आई म्हणाली, "दोघंही एकाच तव्यावरची आहेत, बाई. ही जरा जास्त वेळ राहिली."

बाई हसल्या. हसत हसतच माझ्यापुढे 'मेक्सिकन' लिहिले. अबुंदियोला पुढच्या वर्गात बसवले आणि मला बोली सुधारण्याच्या वर्गात, शेडमध्ये. तो माझ्याहून एक वर्षाने लहान होता. घरी आल्यावर तो मला चिडवायचा, "ए मेक्सिकन, गोऱ्या साहेबाला पाणी आण." मी त्याला झाडूने बदडायचे. आज तो हयात असता तर आपल्याकडे येऊन त्याचे डोळे तरी दाखवता आले असते.

वंशाची विसंगती मिटवण्यासाठी आपण म्हणाल त्या दिवशी मी समक्ष येऊन उभी राहायला तयार आहे. मात्र मार्चमध्ये मी बऱ्यापैकी उजळ असते आणि ऑगस्टपर्यंत बरीच सावळी होते, हे आधीच कळवून ठेवते. त्यावरून पुन्हा नवी विसंगती निघू नये.

४. आपल्या पत्रासोबतचा फॉर्म भरताना चूक होऊ नये म्हणून मी आपल्या कक्षाच्या दूरध्वनीवर विचारणा केली. तिथल्या तरुण साहेबांनी अदबीने सांगितले की हिस्पॅनिक हा वंश नाही. मग तो काय, असे विचारल्यावर म्हणाले, "तो लोकसमूह. त्याचा रकाना वेगळा. हिस्पॅनिक माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो, मावशी. गोरा, काळा, मूळनिवासी, कुणीही." मी म्हणाले, "मग मेक्सिकन कुठे लिहू?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "कुठेच लिहू नका. ते राष्ट्रीयत्व ठरतं. एकदा लिहिलंत की संपलं."

त्यांचे उपकार आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही. पण महोदय, त्या दिवसापासून मी स्वतःच्या घरात हा शब्द उच्चारताना दचकते. आमच्या घरी तो कधीच देशाचा नव्हता. डाळ कशी शिजवायची, मेलेल्याला किती दिवस रडायचे, थोरल्या बहिणीसमोर खुर्चीत आधी कोण बसणार, हे सगळे त्या एका शब्दात होते. चेहरा आईबापांनी दिला, तो शब्द आजीने दिला. आणि राष्ट्रीयत्व मला २२ जानेवारी १९५८ या एका बुधवारच्या दुपारने दिले, आई कांद्याच्या शेडमागच्या खोलीत कळा देत होती म्हणून. ती खोली नदीच्या उत्तरेला होती, एवढेच. या तीन गोष्टी मला तीन ठिकाणांहून मिळाल्या, आणि पुलावरच्या खिडकीत तिन्हींचे उत्तर एका शब्दात द्यायला सांगितले गेले.

५. दुहेरी नोंदीबाबत. ती माझ्या वडिलांनी केली, आणि ती खोटी आहे, हे मी येथे लेखी मान्य करते. या काठावर असे अनेकांनी केले. आजोबांची पलीकडे ला नोरिया गावात सामाईक जमिनीतली एक पट्टी होती, मक्याच्या नऊ सऱ्या आणि एक बाभळीसारखे काटेरी झाड. जो पलीकडच्या वहीत जन्मला नाही त्याला ती मिळत नसे. माझ्या वडिलांना वाटले, पोरीचे एक पाऊल या देशात असावे आणि एक जमिनीत. म्हणून आईचे बाळंतपणाचे चाळीस दिवस झाल्यावर, दि. ३ मार्च १९५८ रोजी, ते मला चादरीत गुंडाळून पलीकडे घेऊन गेले. उशिराच्या नोंदीला दोन साक्षीदार लागत, म्हणून मी दोनच दिवसांची असल्याचे त्यांनी सांगितले.

तिथले नोंदणी कारकून वडिलांचे ओळखीचे. त्यांनी चादर बाजूला केली तर मी मान सावरून त्यांच्या मिशांकडे पाहत होते.

"लेआंद्रो, हे दोन दिवसांचं?"

"हो."

"मान धरतंय की रे. पोर आहे का वासरू?"

"आमच्या घरचं दूध चांगलं आहे."

"असं कर, पुढच्या खेपेला चालवतच आण," असे म्हणून त्यांनी लिहून घेतले. हा किस्सा वडील दर नाताळात सांगत, आणि आम्ही दर नाताळात हसत असू. आता तोच किस्सा मी पुरावा म्हणून देत आहे. दोन दिवसांचे मूल मान धरत नाही, हे आपण कोणत्याही डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

ती जमीन सदुसष्टच्या पुरात नदीने नेली. वारसा म्हणून माझ्या वाट्याला तेवढा एक जादा जन्म राहिला.

६. सुईणीबाबत. प्रिसिलियाना सुईण या भागात चाळीस वर्षे फिरली. तिने सातशेच्या वर मुले हातात घेतली आणि त्यांतली अकरा पलीकडे जन्मलेली असून इकडे लिहिली, असे तिने म्हातारपणी कोर्टात सांगितले. ती अकरा कोणती, हे सांगण्याआधीच तिची वाचा गेली. तेव्हापासून आम्ही सातशे जण त्या अकरांतले आहोत. या गावात साठीच्या आसपासची माणसे भेटली की हल्ली "तब्येत कशी आहे" असे विचारत नाहीत. "तू कुणाच्या हातची?" असे विचारतात.

७. आता साक्षीदाराबाबत, ज्यासाठी हा अर्ज आहे.

माझा जन्म झाला तेव्हा खोलीत आई, सुईण आणि एक सहा वर्षांची मुलगी होती. वडील शेडमध्ये पोती शिवत होते. मुलीला बाहेर पाठवायला जागा नव्हती आणि बाहेर उत्तरेचा गार वारा सुटला होता, म्हणून सुईणीने तिला चुलीपाशी बसवून पाणी तापवायला सांगितले. आज त्या तिघींपैकी ती मुलगीच तेवढी हयात आहे.

तिने पाहिले ते मी तिच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहे. शेडचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा माझे डोके दिसत होते. नाळ बांधायला सुईणीने पोती शिवायच्या दोऱ्याचा तुकडा मागितला, तो हिने वडिलांच्या पिशवीतून काढून उकळत्या पाण्यात टाकला आणि बोट भाजून घेतले. त्या बोटावर अजून खूण आहे. आणि सुईणीने माझ्यासाठी गाणे म्हटले. प्रिसिलियाना प्रत्येक मुलासाठी जागच्या जागी दोन ओळी रचत असे आणि त्यांत जागेची खूण घालत असे, म्हणजे पुढे महिन्याकाठी सगळी मुले एकदम वहीत घालायला जाताना कोण कुठले ते तिला आठवे. तिला लिहिता येत नव्हते. माझ्या ओळी अशा आहेत :

कांद्याच्या शेडापाशी, वारा आला उंबऱ्याशी,
पोर उतरली बाई, नदी ठेवून पाठीशी.

त्या खोलीचे दार उत्तरेला होते. नदी पाठीमागे होती. गाणे पुरावा म्हणून जोडण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वहीतली नोंद या ओळींवरूनच लिहिली गेली, तेव्हा आपणांकडे असलेला दाखला ही त्या गाण्याचीच नक्कल आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

८. या साक्षीदाराचे नाव मी देत नाही. ती आपल्या कक्षात येऊ शकत नाही. आपल्या दारावर ओळखपत्र मागतात आणि तिच्याजवळ आपल्याला चालेल असे ओळखपत्र नाही. मी तिच्याबद्दल एवढेच सांगते की तिचा चेहरा माझ्यासारखा आहे, ताटात पडते तेही एकच, बोलीही एकच. फरक एका जन्माच्या तारखेचा आणि नदीच्या पाण्याचा. ऐंशीच्या दशकात सरकारने बिनकागदाच्या लोकांना माफी देऊन कागद वाटले तेव्हा ती पलीकडे अंथरुणाला खिळलेल्या आईचे करत होती. परत आली तेव्हा मुदत संपली होती. त्यानंतर ती या गावात राहते. भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जाते, चर्चला जाते, आणि सीमेवरच्या गस्तीची पांढरी गाडी दिसली की उगाच चपलेतला खडा काढायला वाकते.

इतकी वर्षे मी तिच्यासाठी दाराला कडी लावत आले. आता दोघींसाठी लावते. परवा टपालवाल्याने दार वाजवले तर आम्ही दोघी न्हाणीघरात उभ्या राहिलो, एकमेकींचा श्वास ऐकत. एकतीस वर्षे मी सरकारी शाळेत शेकडो पोरांना जेवू घातले, महोदय, आणि टपाल घ्यायला मी दार उघडले नाही.

म्हणून विनंती, की आपण एखाद्या कर्मचाऱ्याला, गणवेशाशिवाय, घरी पाठवून तिचा जबाब घ्यावा. तिने काय पाहिले एवढेच विचारावे. ती कोण, कुठली, हे विचारू नये.

(पुढील मजकूर बुधवार, दि. १३ मार्च रोजी लिहीत आहे. मुदत उद्या संपते आणि कागद नव्याने लिहायला वेळ नाही, तरी वरील मजकूर तसाच ठेवण्याबद्दल क्षमा असावी.)

९. काल परिच्छेद आठपर्यंत लिहून मी वाचून पाहिले. नाव लिहिले नाही, पण सहा वर्षांची मुलगी, आईचे आजारपण, आम्ही दोघी न्हाणीघरात : हे वाचल्यावर ती कोण हे कोणाला कळणार नाही? तिला लपवायला बसले आणि तिचा पत्ता लिहून बसले. मी अर्ज चुलीत घालायला उठले.

तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय जाळतेस?"

"काही नाही. चुकलेला कागद."

"वाच."

मी वाचला. ती घेवड्याच्या शेंगा निवडत होती. एकदाही हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "माझं नाव कुठाय?"

"नाही घातलं."

"मग साक्ष कुणाची? मांजराची?"

मी म्हणाले, अगं, दारावर ओळखपत्र मागतात, तुला तिथल्या तिथे धरतील, तुला पलीकडे सोडतील, पलीकडे आता आपलं आहे कोण, जमीनसुद्धा नाही. मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडतेस काय, पहिल्या दिवशीसुद्धा एवढी रडली नव्हतीस. मला माहीत आहे, मी होते तिथे." मग शेंगांची परडी खाली ठेवली. "हे बघ फिदेला. तुला धरलं तर तुला पलीकडे सोडतील. तुला तिथली वाटसुद्धा ठाऊक नाही. तू पलीकडे गेलीस ती एकदा चादरीतून आणि मग दात काढायला. मला निदान तिथली झाडं ओळखतात."

मी म्हणाले, निम्म्या वयाची पोरं भितात, तू सदुसष्टची.

"भिते की. कोण नाही म्हणतंय? पण मी तुला बाहेर येताना पाहिलं. ते बघायला मला कुणाचा परवाना लागला नव्हता. नाव घाल. आणि 'हयात साक्षीदार' काय लिहिलंस, मेलेल्यासारखं वाटतं."

एवढे बोलून ती कपाटातला काळा पोशाख काढून इस्त्री करायला बसली. रात्री जेवली नाही. आज सकाळपासून तिने तीनदा केस विंचरले आहेत आणि तीनदा सोडले आहेत.

१०. सबब, विषयात केलेली 'घरी येऊन' ही विनंती मागे घेत आहे. 'राष्ट्रीयत्व न विचारता' ही विनंती कायम आहे, आणि तिच्या जोडीला पुढील :

फॉर्ममधला वंशाचा रकाना मी रिकामा ठेवला आहे, बघणाऱ्याने भरावा. लोकसमूहाच्या रकान्यात हिस्पॅनिक लिहिले आहे, कारण आमच्यासाठी छापलेला तेवढाच शब्द तिथे होता. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मी 'अमेरिकन' लिहिले आहे आणि लिहिताना माझा हात जराही थांबला नाही, कारण ते खरे आहे. या तिन्हींपैकी एकही उत्तर माझ्या बहिणीच्या तोंडून वदवून घेऊ नये. तिला 'काय आहेस तू' असे विचारू नये. तिची सवय माझ्यासारखीच आहे. ती खरे उत्तर देईल.

तिला ऐकू कमी येते; प्रश्न मोठ्याने विचारला तर तिला वाटते की रागावले. कृपया रागावल्यासारखे विचारू नये. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून असावी. जबाबात तिला ते गाणे म्हणावेसे वाटले तर म्हणू द्यावे, ती त्या गाण्याशिवाय त्या दिवसाचे काही सांगू शकत नाही.

आम्ही दोघी उद्या, गुरुवारी, दुपारी एक वाजता आपल्या कक्षात येऊ. एकाच दारातून आत येऊ. त्याच दारातून दोघींना बाहेर पडू देण्याची कृपा व्हावी. दोघींना जमत नसेल, तर कोणाला ठेवायचे हे आम्हाला निवडायला सांगू नये.

उत्तराची वाट आपल्या बाकावर बसून पाहणारी,
आपली नम्र अर्जदार,

(सही)
फिदेला ओन्तिवेरोस
लास पितायास, दि. १३ मार्च २०१९

सोबत :
१. जन्मदाखला, टेक्सस, नोंद दि. १४ फेब्रुवारी १९५८. मूळ प्रत.
२. जन्मदाखला, ला नोरिया, नोंद दि. ३ मार्च १९५८. खोटा. मूळ प्रत.
३. शाळेच्या स्वयंपाकघरातील नोकरीचा दाखला.
४. पुलावर मिळालेली पारपत्र जप्तीची पावती.
५. तिबुर्सिया ओन्तिवेरोस, माझी थोरली बहीण. स्वतः.